एकट्याने खेळायचं सामान

कर्जतजवळ दहिवलीत एका घराच्या ओटीवर सात वर्षांचा एक मुलगा आगपेट्यांची गाडी खेळत होता. मे महिन्याची दुपार होती. नऊ रिकाम्या आगपेट्या त्याने दोऱ्यात ओवल्या होत्या आणि जेवायचा पाट पायरीला टेकवून चढ केला होता. गाडी पाटापाशी आली की तो ती थांबवायचा. मग आवाज बदलून "वडाऽ गरम वडाऽ" असं दोनदा ओरडायचा. त्यानंतर वेगळ्या रंगाच्या दोन आगपेट्या आणून गाडीच्या मागे लावायचा, स्वतःशीच "बँकर लागला" म्हणायचा आणि सगळी गाडी मागून ढकलत पाटावर चढवायचा. वर पोचल्यावर बँकर सुटून खाली यायचा आणि पुढच्या गाडीची वाट पाहत उभा राहायचा.

कर्जतच्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढायचा असतो. घाटात ३७ फुटांमागे १ फूट इतका चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. रेल्वेच्या भाषेत ते बँकर. ती जोडेपर्यंत गाडी थांबते आणि तेवढ्या वेळात फलाटावर वडे खपतात. हा घाट १८६३ साली खुला झाला. १५० वर्षांहून जुना तो सगळा खटाटोप त्या मुलाने अकरा आगपेट्यांत आणि एका पाटात आणला होता. त्याला तो कुणी शिकवला नव्हता. आजी त्याच ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, पण ती तिथे होती. पाऊण तास तो खेळ चालला होता.

एकटं मूल मोबाइलशिवाय काय करील, असं आईवडील विचारतात तेव्हा त्यांना बहुधा खेळांची यादी हवी असते. यादी देता येते, या प्रकरणात पुढे बरेच खेळ येतीलही. पण माझं म्हणणं आधीच सांगतो. एकट्या मुलाला खेळ सुचवण्यापेक्षा त्याच्यापुढे सामान ठेवणं, वेळ मोकळा ठेवणं आणि जवळ कुणीतरी असणं जास्त उपयोगी पडतं. त्या ओटीवर आगपेट्या होत्या, दोरा होता, पाट होता, रिकामी दुपार होती आणि चार हातांवर आजी होती. यातलं एक जरी काढून घेतलं असतं तरी तो खेळ झाला नसता.

कर्जत-खालापूरच्या घरांत हा प्रश्न अलीकडे जास्त ऐकू येतो, त्याची कारणं उघड आहेत. कर्जतपासून मुंबईचं मुख्य स्टेशन १०० किलोमीटर. लोकलने एका बाजूला दोन तासांच्या आसपास लागतात. आई किंवा बाबा, कधी दोघंही, सकाळी अंधारात निघतात आणि रात्री आठच्या पुढे परततात. नेरळला, भिसेगावला, खोपोलीला नव्या इमारती झाल्या. तिथे दार लावलं की शेजार संपतो. घरात मूल बहुतेक एकच. त्यातच मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मोबाइल मुलांच्या हातात आला. शाळा पुन्हा भरल्या, पण हातातला मोबाइल पुष्कळ घरांत परत गेलाच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात दाखवू नये असं सांगितलं आहे. दोन ते पाच वर्षांसाठी जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत, असा त्यांचा सल्ला आहे. मर्यादा समजते. मात्र उरलेल्या वेळेचं काय करायचं ते कुठल्याच तक्त्यात नसतं.

दुसरी भीती एकटेपणाची. मूल एकटं खेळतंय म्हणजे त्याला मित्र नाहीत, ते घुमं होईल, असं आजीआजोबांना वाटतं. या भीतीला एक जुना आधारही आहे. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं, असा तो क्रम होता. वाचणाऱ्यांनी त्यालाच शिडी मानलं आणि एकट्याचा खेळ खालच्या पायरीवर गेला. पुढच्या अभ्यासकांनी ही समजूत बरीच सैल केली. आठ वर्षांची मुलगी शाळेत मैत्रिणींबरोबर लंगडी खेळते आणि घरी आल्यावर तासभर कागदाच्या बाहुल्यांचं लग्न लावते. तिच्यात काहीच उणं नाही. ती दोन वेगळ्या गोष्टी करते आहे आणि दोन्ही तिला हव्या आहेत.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी म्हटलं आहे की एकटं राहता येणं ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, आणि मूल ती आई जवळ असतानाच शिकतं. आई आपल्या कामात, मूल आपल्या खेळात, दोघं एकाच खोलीत. आई आहे हा भरवसा असतो, म्हणून मूल तिला विसरू शकतं. तांदूळ निवडणारी आजी नेमकं हेच काम करत होती. मराठीत आपण म्हणतो, "आपल्याच नादात आहे." हा नाद लागायला पाठीशी कुणीतरी असावं लागतं.

त्या मुलाचं पुटपुटणंही वाया जात नव्हतं. खेळताना मुलं स्वतःशी मोठ्याने बोलतात, "आता हा इथे, मग तो येणार, नको नको, आधी पूल." स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजे यांना हे बोलणं लहानपणाचं, पुढे आपोआप गळून पडणारं वाटलं. रशियातले लेव वायगॉट्स्की यांचं मत उलट होतं. त्यांच्या मते हे बोलणं पुढे आत जातं आणि तोच आपला विचार होतो. मूल स्वतःला सूचना देत असतं, चूक दुरुस्त करत असतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहणारं मूल गप्प असतं, कारण बोलायचं काम पलीकडचा आवाज करतो. एकट्याने खेळणाऱ्या मुलाची बडबड ऐकू आली तर तिकडे जाऊ नये, एवढं तरी मोठ्यांनी पाळावं.

आता कंटाळ्याकडे येतो. मोबाइल ठेवल्यावर पहिली पंधरावीस मिनिटं वाईट जातात. मूल घरभर चुळबुळ करतं, फ्रीज उघडतं, बंद करतं, चादरीवर लोळतं आणि दर दोन मिनिटांनी विचारतं, "मी काय करू?" इथे बहुतेक घरं हरतात. मोठी माणसं एक खेळ सुचवतात, मूल नको म्हणतं. दुसरा सुचवतात, तोही नको. तिसऱ्या वेळी मोबाइल परत मिळतो. मूल तेवढ्यात एक गोष्ट शिकलेलं असतं, की पुरेसं नको म्हटलं की हवं ते मिळतं. माझ्या ओळखीतली एक आजी वेगळं करते. नातू विचारतो, "आजी, मी काय करू?" ती म्हणते, "काही नको करू. बस इथं माझ्यापाशी." तो बसतो. ती शेंगा सोलत असते. थोड्या वेळाने त्याचा हात टरफलांकडे जातो. टरफलांच्या होड्या होतात, होड्यांची रांग होते आणि नातू आजीला विसरतो. कंटाळा हा खेळाच्या आधीचा उंबरठा आहे, तो मुलालाच ओलांडू द्यावा.

टरफलं तिथे होती म्हणून होड्या झाल्या. सायमन निकल्सन हे चित्रकार बेन निकल्सन आणि शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांचे चिरंजीव. १९७१ मध्ये त्यांनी सुट्या भागांचा विचार मांडला. एखाद्या जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा जितक्या सुट्या वस्तू असतील, तितकी तिथे काही नवं सुचायची शक्यता वाढते, असं त्यांचं म्हणणं. बॅटरीवरची मोटार एकाच प्रकारे चालते. चिंचोके मात्र पैसे होतात, गुरं होतात, गाडीतले प्रवासी होतात, आणि कंटाळा आला तर पुन्हा नुसते चिंचोके होतात.

महाराष्ट्रात हे त्याआधी पाव शतक कुणीतरी करून दाखवलं होतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. ताराबाईंनी आणि अनुताईंनी आदिवासी पाड्यांच्या आसपास जे मिळतं तेच वापरात आणलं: शंखशिंपले, खडे, बिया, पानं, काड्या, माती. मोजायला बिया, लहानमोठेपणा समजायला खडे, रंग ओळखायला फुलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली आणि तो देशभर पोचला. कोसबाडच्या त्या टेकडीवर जे होतं ते कर्जतच्या परसातही आहे. फक्त ऋतूप्रमाणे बदलतं.

जूनपासून सुरू करू. मे महिन्यात खाऊन परसात फेकलेल्या आंब्याच्या कोया पहिल्या पावसात उगवतात. तांबूस पानांचा कोवळा कोंब बाहेर येतो. ती कोय उपटायची, वरचं कठीण कवच काढायचं, म्हणजे आत दोन जाड दळं मिळतात. त्यांचं एक टोक दगडावर तिरकं घासत राहायचं. मध्येच तोंडाला लावून पाहायचं, नाही वाजलं की आणखी घासायचं. जास्त घासलं तर ती वाया जाते आणि दुसरी कोय शोधावी लागते. नीट जमलं की दोन दळांच्या फटीतून हवा जाते आणि पिपाणी वाजते. एका पिपाणीमागे चारपाच कोया खर्ची पडतात, आणि मुलाची सकाळ त्यातच जाते. किती घासायचं हे सांगून कळत नाही, बोटांनाच कळतं.

पुढचे तीन महिने इथे पाऊस धो धो कोसळतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा भाग, त्यामुळे पावसाळ्यात खेळ ओटीवर आणि पडवीत येतो. पागोळ्यांखाली तांब्या, पातेलं, पत्र्याचा डबा, प्लास्टिकची बादली अशी रांग लावून द्या. प्रत्येकाचा आवाज निराळा, आणि भांडं भरत जाईल तसा तो बदलतो. कागदाची होडी सगळ्यांना येते. आता ती बुडेपर्यंत तिच्यात किती चिंचोके मावतात ते मोजायला ठेवा, की होडीचे आकार बदलायला लागतात. रुंद होडी जास्त ओझं का घेते, हे मूल शाळेत शिकायच्या कितीतरी आधी ओल्या फरशीवर पाहून घेतं. श्रावण-भाद्रपदात डोंगरउतारावर तेरडा फुलतो. त्याची पिकलेली शेंग बोट लावताच फुटते, सालं गुंडाळली जातात आणि बी लांब उडतं. कुठली शेंग फुटेल आणि कुठली कच्ची आहे हे ओळखायचा खेळ मुलं आपणहून काढतात.

याच दिवसांत शेजारच्या पेण तालुक्यात गणपतीचे कारखाने भरात असतात. शाडू घरात येतो तेव्हा त्यातला एक गोळा मुलासाठी बाजूला काढावा. शाडू नसेल तर शेतातली चिकण माती चालते. मुलाचे पहिले बैल वाळताना तडकतात. त्याला लगेच उपाय सांगू नये. दोनतीन बैल मोडल्यावर ते स्वतःच विचारतं, आणि तेव्हा मातीत भाताचं तूस किंवा पेंढ्याचे बारीक तुकडे मिसळायचे हे सांगितलं तर ते त्याच्या कायमचं लक्षात राहतं.

दिवाळीचा किल्ला बहुतेक वेळा चारपाच मुलांचा असतो, पण एकट्याचा किल्लाही करून पाहण्यासारखा असतो. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, वर आळीव किंवा मोहरी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं. इथल्या मुलांना नकलेसाठी दूर जायला नको. कर्जत तालुक्यातल्या पेठच्या कोथळीगडाचा सुळका आतून कोरलेला आहे आणि त्या दगडाच्या पोटातूनच पायऱ्या वर जातात. मातीच्या किल्ल्यात असा आतला जिना कसा करायचा? एका मुलीने त्यासाठी पपईचा पोकळ देठ पुरला होता आणि त्यातून वरून मुंग्या सोडल्या होत्या. मुंग्या खालून बाहेर येतात की नाही ते पाहत ती संध्याकाळभर बसली होती.

भात झोडून झालं की खळ्यावर पेंढा पडतो. पेंढ्याची दोरी वळायला आजोबांनी एकदा शिकवावं, मग मूल हातभर, वावभर, अंगणाच्या टोकापर्यंत दोरी वळत जातं. याच वेळी एक गोष्ट बजावून सांगायला हवी. पेंढ्याच्या ढिगात आणि दगडांखाली साप असतात. फुरसं, मण्यार या भागात आहेत. पेंढा मोठ्या माणसाने काठीने हलवून, मोकळा करून अंगणात आणून द्यावा. मुलाने ढिगात हात घालू नये.

उन्हाळ्यातल्या एका खेळावर माझा विशेष जीव आहे. घराच्या वळचणीखाली, जिथे पाऊस पोचत नाही तिथल्या भुसभुशीत धुळीत लहान लहान फनेल दिसतात. रुपयाएवढं तोंड, उतार अगदी गुळगुळीत, खाली टोक. त्या टोकाशी मुंगीसिंह नावाच्या किड्याची अळी मातीत दबा धरून असते. ती मागे मागे सरकत, गोल गोल फिरत हा खड्डा खणते. कोरडी माती जितक्या उतारावर जेमतेम टिकते तितकाच उतार ती ठेवते. त्यामुळे कडेवर आलेल्या मुंगीचा पाय पडला की माती घसरते आणि मुंगी खाली जाते. मुंगी वर चढू लागली तर अळी डोक्याने माती उडवून तिला पुन्हा पाडते. मुलाला गवताची एक काडी द्या. काडीने कडेवरचा एक कण पाडला की खालून माती उडते. दोन कण पाडले तर? मोठा खडा टाकला तर? खड्डा मोडून टाकला तर नवा व्हायला किती वेळ लागतो? मी एका नऊ वर्षांच्या मुलीला सलग तीन दुपारी एकाच वळचणीखाली पालथी पडलेली पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी तिने वहीत सोळा खड्ड्यांचा नकाशा काढला होता आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. पुढे याच अळीचं चतुरासारखं दिसणारं पंखांचं पाखरू होतं, हे तिला सांगितलं तेव्हा तिने आधी विश्वासच ठेवला नाही.

सागरगोटे आणि भोवरा हे दोन्ही आपण मिळून खेळायचे खेळ समजतो. पण ते एकट्याने शिकावे लागतात. पाच सागरगोटे जमिनीवर टाकायचे, एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत एक उचलायचा. मग दोन, मग तीन, मग चारही एकदम. कुणाशी स्पर्धा नसते, कालच्या आपल्याशी असते. सागरगोट्याचं करडं, कठीण बी पाण्यावर तरंगतं आणि समुद्रातून दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतं. ते फरशीवर जोराने घासलं की चटका बसण्याइतकं तापतं, हे प्रत्येक पिढी नव्याने शोधून काढते. भोवऱ्याचं तर पहिला आठवडा काहीच जमत नाही. जाळी सैल गुंडाळली जाते, भोवरा आडवा पडून घरंगळतो. मग एके दिवशी मनगटाला झटका नेमका बसतो, भोवरा आरेवर उभा राहतो, त्याचं डोकं सावकाश गोल डोलत राहतं, आणि वेग कमी झाला की तो डोल वाढत वाढत तो पडतो. हे शिकताना पाहणारं कुणी नसेल तर बरं. चुकायची लाज वाटत नाही.

हे सगळं अंगण असलेल्यांचं झालं. नेरळच्या तिसऱ्या मजल्यावर वळचण कुठून आणायची? तिथे सामान वेगळं ठेवावं लागतं. पुठ्ठ्याचे खोके, कपड्यांचे चिमटे, जुनी ओढणी, सुतळी, बाटल्यांची झाकणं, आणि दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेला तंबू. या वयात घरातलं घर मुलांना फार लागतं. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं हे काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्वट्यूब यांचे त्यांचे सांगाडे घरी सहज होतात. सायकलच्या दुकानात वालट्यूब मागितली की थोड्या पैशांत हातभर मिळते. तिचे छोटे तुकडे करायचे आणि गुल काढलेल्या काड्या त्यांत खोचायच्या. चार काड्यांचा चौकोन केला तर तो दाबल्यावर वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र वाकडा होत नाही. चौकोनात एक कर्ण घातला की तोही ताठ उभा राहतो. एवढं हाताला कळलं की मूल पूल बांधायला लागतं, आणि मग रेल्वेच्या लोखंडी पुलांकडे निराळ्या नजरेने पाहतं.

खिडकीतून रूळ दिसत असतील तर एक वही आणि पेन्सिल पुरते. किती वाजता कुठली गाडी गेली, डबे किती, मालगाडीत काय होतं. नेरळच्या मुलाला माथेरानची छोटी गाडी मिळते. दोन फुटी रुळांची ती लाइन १९०७ सालची आहे. खोपोलीच्या मुलाला पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्टेशनं ओळीने पाठ असतात. त्या ओळीचाच पुठ्ठ्यावर सोंगट्यांचा खेळ करता येतो. ज्याला वाचायची गोडी लागली आहे त्याच्यासाठी 'किशोर' मासिक आहेच. बालभारतीचं ते मासिक १९७१ पासून निघतं आणि त्यातली कोडी एकट्याने बसून सोडवण्यासारखी असतात.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे प्रकरण खोटं वाटेल. याच तालुक्यांत कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. तिथली मुलं स्क्रीनशिवाय वाढतात म्हणून त्यांचं कौतुक करणं सोपं आहे. त्यातल्या अनेकांच्या खेळाला काम चिकटलेलं असतं. शेळ्या राखायच्या, धाकट्याला काखेत घ्यायचं, ओढ्यातले मुठे धरायचे ते संध्याकाळच्या कालवणासाठी. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलंही जातात आणि शाळा मागे राहते. भट्टीवरच्या मातीचे सुरेख बैल करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या बोटांत जे कसब आहे ते शिकण्यासारखं आहे, आणि त्यांना मोकळी दुपार आणि शाळा मिळणं हे आपल्या मुलांना मोबाइलपासून सोडवण्याइतकंच निकडीचं आहे.

जपण्याच्या आणखी दोन गोष्टी. बियांच्या डब्यात गुंज नको. ती लालकाळी बी फार देखणी असते, पण चावून गिळली तर एक बीसुद्धा लहान मुलाला घातक ठरू शकते. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची फळंही तशीच विषारी आहेत आणि ती इथे जवळपास प्रत्येक कुंपणाला असतात. दुसरी गोष्ट नदीची. उल्हास किंवा पेज, मुलाने एकट्याने जायचं नाही. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पेजेला मिळतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. सकाळी घोटाभर असलेलं पाणी नंतरही तेवढंच असेल असं धरून चालू नये. एकट्याचा खेळ हाकेच्या अंतरावरचाच असावा.

मोठ्यांनी काय करायचं, याबद्दल मी थोडंच सांगेन. मोबाइल ओढून घेऊन खेळ सुरू होत नाही. रोजची एक वेळ ठरवावी, शाळेतून आल्यावर खाणं झालं की पुढचा तास, आणि त्या तासात घरातल्या मोठ्यांचाही मोबाइल फळीवर राहावा. सहासात वर्षांच्या मुलाला पहिली पाच मिनिटं सोबत लागते. तेवढी द्यावी आणि आपल्या कामाला उठावं. नऊदहा वर्षांच्या मुलाला सोबत नको असते. त्याला खरी हत्यारं हवी असतात: कात्री, छोटी हातोडी, सुईदोरा. ती वापरायला शिकवून त्याच्या हाती द्यावीत. खेळ अर्धा राहिला तर उचलून ठेवायला लावू नये, कोपऱ्यात तसाच उद्यापर्यंत राहू द्यावा. आणि खेळाचा फोटो काढू नये. फोटो निघाला की मूल खेळातून उठतं आणि आपण कसे दिसतो ते बघायला येतं.

या रविवारी घरातला एक पुठ्ठ्याचा खोका रिकामा करा. त्यात दहा आगपेट्या, सुतळीचा गुंडा, मूठभर चिंचोके, थोडी माती, खडू आणि एक कोरी वही ठेवा. आणखी काय हवं ते मुलालाच विचारा. खोका त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवा आणि तुम्ही जवळच आपलं काम घेऊन बसा.